जन्मवेळची इजा : एका हक्काचा इतिहास

मराठ्यांच्या इतिहासात अद्याप न जन्मलेल्या मुलाच्या हक्कासाठी राज्याचा कारभार चालविला गेल्याचा एक प्रसंग आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. रघुनाथरावांनी पेशवेपद घेतले. परंतु नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी गडावर पुत्रजन्म झाला. तोच सवाई माधवराव पेशवा. बारभाईंच्या राजकारणाचे गुणदोष हा या लेखाचा विषय नाही. त्या राजकारणाला जो आधार होता, तो मात्र आमच्या विषयाशी निगडित आहे. आईच्या पोटातील जीवाला बापाच्या वारशात वाटा आहे आणि तो जन्मेपर्यंत इतरांनी सांभाळला पाहिजे, ही आपल्याकडील जुनी धारणा होय. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २० नेही ती कायम ठेवली.

मिळकतीच्या बाबतीत जो हक्क इतका जुना आहे, तोच शरीराच्या बाबतीत फार उशिरा मान्य झाला. बाळंतपणात डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालय यांच्या हयगयीमुळे बाळाच्या मेंदूला इजा झाली आणि ते मूल सेरेब्रल पाल्सीने जन्मभराचे परावलंबी झाले, तर त्याला स्वतःच्या नावाने भरपाई मागता येते काय? येत असल्यास कोणापाशी, कोणत्या पुराव्यावर आणि किती? या प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू तयार झाली आहेत आणि काही अजूनही अपुरी आहेत. असे मूल ज्या घरात आहे, तेथील आईबापांना एकच चिंता अहोरात्र असते : आमच्यामागे याचे कोण करणार? न्यायालयाच्या वाटेचा हा इतिहास आम्ही त्या चिंतेपायीच सांगत आहो.

१. वैद्यकाची साक्ष

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला एकदा झालेल्या इजेमुळे हालचाल, तोल आणि शरीराची ठेवण यांत येणारे कायमचे वैगुण्य. मेंदूतील इजा वाढत जात नाही, पण ती भरूनही येत नाही. काही मुलांचे हातपाय ताठ राहतात, काहींच्या हालचालींवर ताबा राहत नाही. काहींना फेफरे येते, काहींना बोलणे किंवा गिळणे अवघड जाते. बुद्धी मात्र अनेकांची शाबूत असते, ही गोष्ट आपल्या समाजात अजूनही पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

या विकाराचे पहिले पद्धतशीर वर्णन लंडनचे शल्यवैद्य विल्यम जॉन लिटल यांनी केले. १८६१ साली लंडनच्या प्रसूतिवैद्यांच्या संस्थेपुढे त्यांनी एक निबंध वाचला. अडलेले बाळंतपण, अकाली जन्म आणि जन्मतःच श्वास कोंडणे यांचा मुलांच्या पुढील ताठरपणाशी संबंध आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे बराच काळ हा विकार ‘लिटलचा रोग’ म्हणूनच ओळखला जात असे. १८८९ साली विल्यम ऑस्लर यांनी मुलांतील या पक्षाघातांवर ग्रंथ लिहिला. मग १८९७ साली व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी, म्हणजे मनोविश्लेषणामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या त्याच फ्रॉइडांनी, एक निराळी शंका उपस्थित केली. अवघड बाळंतपण हे प्रत्येक वेळी कारणच असेल असे नाही. गर्भातच आधी काही बिघडलेले असेल आणि अवघड बाळंतपण हा त्याचाच परिणाम असेल, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढील सुमारे ऐंशी वर्षे लिटल यांचाच पक्ष बळकट राहिला. प्रसूतिवैद्यकातील साधनेही त्याच विचाराने वाढली. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली नवजात बाळाची स्थिती गुणांनी मोजण्याची पद्धत सुचविली. बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा सलग आलेख काढणारी यंत्रे त्यानंतर आली. १९७२ साली आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, फिलपॉट आणि कॅसल यांनी कळा आणि प्रसूतीची प्रगती एका कागदावर मांडणारा आलेख वापरात आणला. प्रसूतीवर बारीक लक्ष ठेवले की सेरेब्रल पाल्सी जवळजवळ नाहीशी होईल, अशी आशा त्या काळी होती. ती पुरी झाली नाही. १९८६ साली कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी अमेरिकेतील सुमारे ५४ हजार गरोदरपणांच्या नोंदी तपासून दाखविले की या विकाराचा मोठा भाग बाळंतपणाच्या वेळच्या घटनांनी उलगडत नाही. १९८८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील ईव्ह ब्लेअर आणि फिओना स्टॅन्ली यांच्या अभ्यासात, प्रसूतीच्या वेळी श्वास कोंडणे हे संभाव्य कारण असलेली मुले शंभरांत सुमारे आठच निघाली. अकाली जन्म, गर्भातील जंतुसंसर्ग, मेंदूच्या घडणीतील दोष, आनुवंशिक कारणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ ही इतर कारणे होत.

हे सर्व सविस्तर सांगण्याचे कारण असे की, मूल सेरेब्रल पाल्सीचे आहे एवढ्यावरून कोणी चुकले असे सिद्ध होत नाही. डॉक्टरवर विनाकारण आळ येऊ नये, हे जितके आवश्यक आहे, तितकेच जेथे हयगय खरोखर झाली तेथे ‘हे नशिबाचेच होते’ असे म्हणून कुटुंबाला परत पाठवू नये, हेही आवश्यक आहे. या दोहोंतील भेद ठरविण्याचे काम न्यायालयाकडे आले आणि तेथून आमच्या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो.

२. परदेशी न्यायालयांतील चढउतार

१८८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एक दावा गाजला. रस्त्यातील दोषामुळे एक गरोदर स्त्री पडली, अकाली प्रसूती झाली आणि बाळ काही मिनिटांतच गेले. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निर्णय दिला की गर्भ हा त्या वेळी आईच्याच देहाचा भाग होता. त्याला स्वतंत्र दावा नाही. हा निर्णय पुढे सहा दशके इतर राज्यांतील न्यायालयांनी उचलून धरला. १९४६ साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने तो मोडला. बॉनब्रेस्ट विरुद्ध कॉट्झ या खटल्यात, बाळ आईच्या उदरातून बाहेर काढताना वैद्यकीय हयगयीने इजा झाल्याची तक्रार होती. जगण्याजोगे बाळ हा आईचा अवयव नव्हे, ते जिवंत जन्मले की त्याला स्वतःचा दावा आहे, असे न्यायालयाने मानले. वारशाच्या हक्कासाठी जो गर्भ माणूस धरला जातो, तो इजेच्या बाबतीत मात्र कोणीच नाही, या विसंगतीवर त्या निकालात बोट ठेवलेले आहे. इंग्लंडने थॅलिडोमाइड या औषधामुळे झालेल्या हाहाकारानंतर १९७६ साली कायदा करून, जन्मापूर्वी झालेल्या इजेबद्दल मुलाला दावा करण्याचा हक्क दिला.

हक्क मिळाला, पण पुरावा राहिलाच. इंग्लंडमधील व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन हा खटला या अडचणीचा नमुना म्हणून अजून शिकविला जातो. १९७० साली जन्मलेल्या एका बाळाच्या प्रसूतीत डॉक्टरांनी चिमट्याने अनेकदा प्रयत्न केला आणि अखेर पोट फाडून बाळ काढले. बाळाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. खालच्या न्यायालयाने एक लाख पौंडांची भरपाई दिली. अपील न्यायालयाने ती रद्द केली. १९८० च्या डिसेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सनेही मुलाविरुद्धच निकाल दिला. ओढण्याचा जोर किती होता, हे त्या खोलीतल्यांखेरीज कोणाला ठाऊक असणार? मूल दहा वर्षांचे होईपर्यंत खटला चालला आणि हाती काही आले नाही.

या काळात कसोटी होती ती १९५७ च्या बोलॅम खटल्यातील. त्या शाखेतील जाणत्या डॉक्टरांच्या एका जबाबदार गटाला जे वागणे योग्य वाटते, तसे डॉक्टर वागला असेल तर ती हयगय नव्हे, अशी ती कसोटी. या कसोटीने डॉक्टरांना मोठे संरक्षण दिले. रुग्णाला माहिती देण्याच्या बाबतीत ते संरक्षण २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात काढून घेतले. स्कॉटलंडमधील एका मधुमेही आईचे बाळ मोठे होते. अशा बाळंतपणात खांदा अडकण्याचा धोका शंभरांत नऊ ते दहा इतका असतो. तो तिला सांगितला गेला नाही. १९९९ साली प्रसूतीत खांदा अडकला, बाळाला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी झाली. धोका सांगितला असता तर आईने शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करला असता, हे न्यायालयाने मान्य केले आणि ५२ लाख ५० हजार पौंडांची भरपाई ठरली. शहाण्या बाईला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो तिला सांगितलाच पाहिजे, हा या निकालाचा गाभा होय.

३. आपल्या देशातील वाट

भारतात वैद्यकीय हयगयीच्या कायद्याचा पाया ज्या निकालाने घातला, त्याची सुरुवात कोकणात झाली, हे आमच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेण्यात आले; तेथे उपचारांत तो दगावला. मुलाच्या वडिलांनी, जे स्वतः डॉक्टर होते, दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल लागला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो प्रसिद्ध आहे. डॉक्टरवर तीन कर्तव्ये असतात, असे न्यायालयाने सांगितले : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी. यांपैकी कोठेही चूक झाली तर रुग्णाला दाद मागता येते. भरपाई मिळाली ती ३,००० रुपये. पंधरा वर्षांच्या लढ्याचे मोल म्हणून ती रक्कम अल्प होती. त्यातून निघालेला नियम मात्र आजही प्रत्येक खटल्यात उद्धृत होतो.

दुसरा प्रसंग मराठवाड्यातला आणि तो थेट बाळंतिणीचा आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. त्यानंतर तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेत पुसण्याचा कपडा पोटातच राहिला, जंतुसंसर्ग झाला आणि ती त्याच महिन्यात मरण पावली. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती फिरविली आणि १९९६ साली, म्हणजे ३३ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य असे या निकालाचे नाव. रुग्णालय चालविणे हे सरकारचे सार्वभौम कृत्य नव्हे, तेव्हा सरकारला आपल्या डॉक्टरांच्या हयगयीची जबाबदारी टाळता येत नाही, असा निर्णय झाला. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, बडोद्याचे सयाजीराव रुग्णालय, ग्वाल्हेरचे जयारोग्य रुग्णालय अशा, संस्थानिकांची नावे मिरविणाऱ्या सरकारी रुग्णालयांत आपल्या अनेक घरांतील बाळंतपणे झाली आहेत. फुकट उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्धही दिवाणी दावा चालतो, हे या निकालामुळे निर्विवाद झाले.

मध्यंतरी १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. शुल्क घेणारी रुग्णालये, तसेच काहींकडून शुल्क घेऊन काहींना मोफत सेवा देणारी रुग्णालये या कायद्याच्या कक्षेत आली. सर्वांनाच मोफत सेवा देणारी बाहेर राहिली. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. त्यातही डॉक्टर येतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. व्ही. पी. शांता निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२४ च्या मे महिन्यात निघाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची गरज नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

१९९८ सालच्या स्प्रिंग मेडोज खटल्यात इंजेक्शनच्या चुकीने एका लहान मुलाच्या मेंदूची कायमची हानी झाली होती. येथे न्यायालयाने मूल आणि आईबाप असे दोघेही ग्राहक धरले. मुलाला साडेबारा लाख आणि आईबापांना मनस्तापाबद्दल स्वतंत्र ५ लाख रुपये मिळाले. घरातील अशा मुलामागे ज्यांचे आयुष्य खर्ची पडते, त्यांच्या दुःखाचीही कायद्याने नोंद घेतली, म्हणून हा निकाल महत्त्वाचा.

भरपाई मोजण्याची पद्धतही यानंतर पालटली. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेतील शस्त्रक्रियेनंतर अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा कमरेखालचा भाग लुळा पडला. आपला खटला त्याने स्वतःच मांडला आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने १ कोटी रुपये मंजूर केले. शुश्रूषा, मदतनीस, व्यायामोपचार, बुडालेली कमाई यांचा निरनिराळा हिशेब त्यात आहे. २०१५ साली व्ही. कृष्णकुमार खटल्यात चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये अकाली जन्मलेल्या मुलीला, डोळ्यांची तपासणी वेळेवर न झाल्याने अंधत्व आल्याबद्दल, पुढील उपचारांच्या खर्चापोटी १ कोटी ३८ लाख रुपये देण्यात आले. तेव्हा महागाई वाढत जाणार हेही हिशेबात धरले गेले. ३,००० रुपयांपासून येथवरच्या या प्रवासात न्यायालयाचा प्रश्नच बदलला आहे. जुने निकाल मुख्यत्वे ‘काय गेले’ हे मोजीत. नवे निकाल ‘हे मूल आता कसे जगणार’ हे मोजू लागले आहेत.

फौजदारी वाट मात्र न्यायालयाने अरुंद ठेवली आहे. २००५ सालच्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे डॉक्टरवर फौजदारी खटला चालविण्यासाठी हयगय घोर स्वरूपाची असावी लागते आणि तपास अधिकाऱ्याने आधी निःपक्षपाती तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे लागते. आमच्या मते ज्या घराला मुलाच्या पालनपोषणाची तरतूद हवी आहे, त्याने पोलीस ठाण्याच्या वाटेवर शक्ती खर्च करण्याआधी विचार करावा. डॉक्टर तुरुंगात गेल्याने मुलाच्या व्यायामोपचाराचा खर्च भागत नाही.

४. कागद जपण्याची जुनी सवय

आपली घराणी घर सोडून दूर मुलखात गेली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर सनदा, वतनपत्रे आणि हिशेबाच्या वह्या घेऊन गेली. रुमालात बांधलेले ते मोडी कागद कित्येक घरांत अजून आहेत आणि त्यांच्या बळावर कित्येक पिढ्यांनी आपले हक्क राखले. बाळंतपणाच्या कागदांना मात्र आपण ते मोल देत नाही. मूल घरी आले की रुग्णालयाची फाइल कोठेतरी पडते. जन्मवेळच्या इजेचा प्रत्येक खटला याच कागदांवर उभा राहतो किंवा कोसळतो.

कोणते कागद? गरोदरपणातील तपासण्यांची नोंद, प्रसूतीचा आलेख, बाळाच्या ठोक्यांच्या यंत्राची पट्टी, कळा वाढविण्याचे औषध केव्हा व किती दिले याची नोंद, शस्त्रक्रियेचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आले याची वेळ, पहिल्या, पाचव्या व दहाव्या मिनिटाचे ॲपगार गुण, नाळेच्या रक्ताची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, नवजात अतिदक्षता विभागातील टिपणे, आणि मेंदूचा एमआरआय. प्रसूतीत प्राणवायू कमी पडला असल्यास नाळेच्या रक्तात आम्लता वाढलेली दिसते, पहिल्या काही दिवसांत बाळ सुस्त राहते किंवा त्याला झटके येतात आणि एमआरआयमध्ये इजेचा विशिष्ट ठसा उमटतो. ही साखळी जुळली तर ‘हे आधीचेच होते’ या बचावाला उत्तर मिळते. जुळली नाही तर दावा न करणेच शहाणपणाचे ठरते. दोन्ही परिस्थितींत कुटुंबाला सत्य कळते, आणि तेही थोडे नाही.

हे कागद मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे अभिलेख डॉक्टरने तीन वर्षे जपले पाहिजेत आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत दिले पाहिजेत. येथे एक पेच आहे. सेरेब्रल पाल्सीचे निदान बहुधा मूल एक-दोन वर्षांचे होईतो पक्के होत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्याची हमी नाही. दिवाणी दाव्यात १९६३ च्या मुदत कायद्याने अज्ञान मुलासाठी सवलत ठेवली आहे. सज्ञान झाल्यावरही त्याला दावा करण्यास अवधी असतो, आणि तोपर्यंत आई किंवा बाप वादमित्र म्हणून त्याच्या नावाने दावा लावू शकतात. कायदा मुलासाठी अठरा वर्षे थांबतो. रुग्णालयातील कागद तीन वर्षांपलीकडे राहतीलच असे नाही. म्हणून बाळंतपणात काही विपरीत घडले असेल, तर निदानाची वाट न पाहता कागदांची प्रत लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन, मिळवून ठेवावी.

ग्राहक आयोगात आता भरपाई किती मागितली यावर नव्हे, तर रुग्णालयाला मोबदला किती दिला यावर कोणत्या पायरीवर जावे हे ठरते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांपर्यंतचा मोबदला असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे बाळंतपणाची जवळजवळ सर्व प्रकरणे आपल्याच जिल्ह्यात दाखल होतात. तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार करता येते. बेळगावच्या मुलीचे बाळंतपण कोल्हापुरास माहेरी झाले असेल, तर तिला बेळगावातच दाद मागता येईल. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास आयोगाचे शुल्कही नाही. दुसऱ्या डॉक्टरचे मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचे नाही, असे हैदराबादच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. तथापि सेरेब्रल पाल्सीत कारणाचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा असतो की, तज्ज्ञाच्या अहवालाविना पुढे जाऊ नये, असे आम्ही आवर्जून सांगू.

वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा स्त्रिया, मुले आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत देतो. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आणि त्याची आई यांत सहजच बसतात. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. बरी स्थिती असलेली घरे संकोचाने तिकडे फिरकत नाहीत. हा धर्मादाय नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा संकोच नसावा.

५. खटल्यापलीकडे

एवढे असूनही खटल्याची वाट लांब आहे. ज्या मुलाच्या बाबतीत कोणाचीच चूक नाही, त्याला तर ती उपयोगाचीच नाही; त्याच्या गरजा मात्र त्याच असतात. या पेचाला जपानने २००९ साली एक उत्तर दिले. जन्मवेळच्या तीव्र सेरेब्रल पाल्सीसाठी तेथे विम्याची राष्ट्रव्यापी योजना सुरू झाली. ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या मुलाला कोणाचीही चूक सिद्ध न करता एकूण ३ कोटी येन मिळतात : सुरुवातीस ६० लाख आणि नंतर वीस वर्षे दरसाल १२ लाख. त्याबरोबर प्रत्येक प्रकरणाचे कारण तज्ज्ञ तपासतात आणि त्यातून निघालेले धडे देशभरच्या प्रसूतिगृहांना कळवितात. अमेरिकेतील व्हर्जिनिया व फ्लोरिडा या राज्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशाच स्वरूपाचे निधी उभारले होते. आपल्याकडे अशी योजना नाही. २००५-०६ साली देशातील शंभरांपैकी सुमारे ३९ बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण सुमारे ८९ झाले. सुईणीच्या हातून बाळंतपण रुग्णालयाच्या हाती गेले, ही चांगलीच गोष्ट. पण जबाबदारीही त्याच प्रमाणात तिकडे गेली आहे, आणि तिची व्यवस्था अजून व्हायची आहे.

जे आज आहे, ते तरी माहीत असावे. १९७२ साली मिठू आलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली. अशा मुलांना शाळा आणि उपचार एका छपराखाली मिळावे, हा विचार तेथून देशात रुजला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सेरेब्रल पाल्सी असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात हा विकार नावानिशी समाविष्ट आहे. आईबापांनी हयात असतानाच पालक नेमून घेणे आणि भरपाई मिळाली तर ती मुलाच्या नावे सुरक्षित ठेवणे, या दोन गोष्टी खटला जिंकण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आपल्या मंडळांची वाचनालये, गणेशोत्सव आणि सभागृहे शंभर-शंभर वर्षे चालली आहेत, ती परमुलखात एकमेकांना धरून राहण्याच्या सवयीवर. एखादा निवृत्त वकील, एखादा बालरोगतज्ज्ञ, जुने कागद वाचू शकणारे एखादे डोळस माणूस प्रत्येक मंडळात असतेच. अशा घराची फाइल उलगडून त्यांनी तासभर बसावे, दावा करण्याजोगा आहे की नाही हे प्रामाणिकपणे सांगावे, आणि नसेल तर पालकत्वाचा अर्ज तरी भरून द्यावा. एवढे प्रत्येक गावी होऊ शकते. आणि ते झाले तर ‘आमच्यामागे याचे कोण’ हे विचारणाऱ्या आईबापांना निदान पहिले उत्तर घराजवळच मिळेल.